ऊन मोजणाऱ्या अन्ना मणी

मराठी भाषेत उन्हासाठी किती शब्द आहेत, हे कधी मोजून पाहिले आहे का? सकाळचे असते ते कोवळे ऊन. दुपारचे कडक, रणरणते. संध्याकाळचे तिरपे. कौलांच्या फटीतून जमिनीवर रुपयाएवढे पडते तो कवडसा. मे महिन्यात शहापूरच्या घराघरांवर पापड-कुरडयांचे वाळवण पडते, तेव्हा बायका म्हणतात, ऊन चांगले आहे. त्याच उन्हातून मुरबाडकडच्या एखाद्या वाडीतील बाई डोक्यावर हंडा घेऊन चढण चढते, तेव्हा तेच ऊन तिला जीवघेणे वाटते.

शब्द पुष्कळ झाले. पण आज आपल्या गावात ऊन किती पडले, असे कोणी विचारले तर काय उत्तर द्याल? दूध लिटरने मोजतात, भात क्विंटलने, कापड मीटरने. ऊन कशाने मोजायचे? तुमच्यापैकी कोणीतरी लगेच म्हणेल, थर्मामीटरने. ते बरोबर नाही. थर्मामीटर हवेचे तापमान सांगतो. जानेवारीत लख्ख ऊन असते, तरी हवा गार असते. जूनच्या सुरुवातीला आभाळ भरून येते, उन्हाचा पत्ता नसतो, तरी अंगाची काहिली होते. ऊन म्हणजे सूर्याकडून आपल्यापर्यंत येणारी ऊर्जा. तिला विज्ञानाच्या मराठीत सौर प्रारण म्हणतात. शब्द जड आहे, पण घाबरू नका. उर्दूत तुम्ही ज्यांना शुआएँ म्हणता, त्या किरणांतून येणारी ऊर्जा, एवढाच त्याचा अर्थ.

ही ऊर्जा भारतात नीट मोजण्याची व्यवस्था ज्यांनी उभी केली, त्यांचे नाव अन्ना मणी. नाव ऐकून फसू नका. आपल्याकडे अण्णा म्हणजे थोरला भाऊ किंवा घरातला वडीलधारा पुरुष. या मात्र बाई होत्या. त्या केरळच्या, पण त्यांच्या आयुष्यातील कामाची महत्त्वाची वर्षे आपल्या पुण्यात गेली.

अन्नाचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी पीरमेड या डोंगराळ गावी झाला. हा भाग तेव्हा त्रावणकोर संस्थानात होता. वडील स्थापत्य अभियंता होते आणि त्यांचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत अन्नाचा नंबर सातवा. घर खातेपीते होते. मुलग्यांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जावे आणि मुलींनी थोडेफार शिकून लग्न करून सासरी जावे, अशी त्या घरची रीत होती. ती रीत काही त्याच घरची नव्हती, हे तुम्हाला सांगायला नकोच.

अन्नाला वाचनाचे वेड होते. आठ वर्षांची होईपर्यंत तिने गावच्या वाचनालयातील मल्याळम पुस्तके जवळजवळ सगळी वाचून टाकली होती. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे तिच्यासाठी हिऱ्याच्या कुड्या आणल्या. तिने त्या घेतल्या नाहीत. त्याऐवजी तिने ब्रिटानिका ज्ञानकोशाचे खंड मागितले, आणि ते तिला मिळालेही! घरच्यांनी तो हट्ट पुरवला, याचे श्रेय त्यांनाही दिले पाहिजे.

त्याच सुमारास, १९२५ साली, महात्मा गांधी त्रावणकोरमधील वैकम येथे आले होते. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्य मानलेल्या लोकांना चालू द्यावे, यासाठी तेथे सत्याग्रह सुरू होता. लहानग्या अन्नाच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. पुढे तिने खादी वापरायला सुरुवात केली आणि ती जन्मभर सोडली नाही.

तिला डॉक्टर व्हायचे होते. ते जमले नाही. भौतिकशास्त्र चांगले येत होते, म्हणून तिने तो विषय घेतला आणि १९३९ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी.एस्सी. ऑनर्सची पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळून ती बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाली. तेथे तिला गुरू लाभले ते सर चंद्रशेखर वेंकट रामन, १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे.

येथून पुढे आपण त्यांना आदराने अन्ना मणी म्हणू.

रामन तेव्हा हिरे आणि माणके यांच्यातून प्रकाश कसा जातो, याचा अभ्यास करत होते. त्यांनी अन्ना मणींना तेच काम दिले. लहानपणी ज्यांनी हिऱ्याच्या कुड्या नाकारल्या, त्यांच्या हातात आता हिरेच हिरे आले, पण मिरवायला नाही, तपासायला! काम फार चिकाटीचे होते. हिऱ्यातून बाहेर पडणारा प्रकाश इतका मंद असे, की फोटोच्या काचेवर त्याची खूण उमटायला पंधरा-पंधरा, वीस-वीस तास लागत. अन्ना मणी कित्येक रात्री प्रयोगशाळेतच झोपत. शिवाय त्या काळी प्रयोगशाळेत मुली फार थोड्या, आणि मुलग्यांशी त्यांनी मोकळेपणाने बोलावे, चर्चा करावी, हे रामन यांना पसंत नसे. मोठा शास्त्रज्ञ प्रत्येक बाबतीत मोठा असतोच असे नाही.

१९४२ ते १९४५ या काळात अन्ना मणींनी पाच शोधनिबंध लिहिले. ऑगस्ट १९४५मध्ये त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे पीएच.डी.साठी पाठवला, कारण भारतीय विज्ञान संस्थेला तेव्हा स्वतः पदवी देता येत नसे. विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण काय? त्यांच्याजवळ एम.एस्सी.ची पदवी नव्हती. ऑनर्सची पदवी होती, शिष्यवृत्ती मिळवून केलेले संशोधन होते, छापून आलेले निबंध होते. पण एक कागद कमी होता. माझ्या मते हा सरळ सरळ अन्याय होता. त्या मात्र या गोष्टीवर कधी रडत बसल्या नाहीत. पुढे आयुष्यभर त्यांच्या नावामागे डॉक्टर ही पदवी लागली नाही.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाण्याची संधी आली. महायुद्ध नुकतेच संपले होते. सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजातून त्या लंडनला गेल्या. त्यांना भौतिकशास्त्र शिकायचे होते; पण शिष्यवृत्ती शिल्लक होती ती हवामानाच्या उपकरणांच्या शिक्षणासाठी. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात राहून त्यांनी तेच शिकून घेतले. उपकरण कसे बनते, ते कसे पारखतात, त्यात चूक कोठून शिरते, हे त्यांनी बारकाईने पाहिले. मनात नसलेला विषय वाट्याला आला आणि तोच आयुष्याचे काम होऊन बसला.

१९४८ साली त्या परत आल्या. देश स्वतंत्र झाला होता. त्या भारतीय हवामान खात्यात पुण्याला रुजू झाल्या. पुण्यातील शिवाजीनगर भागात या खात्याची मोठी इमारत आहे. १९२८ साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून पुणेकर त्या जागेला आजही सिमला ऑफिस म्हणतात. अन्ना मणींना काम मिळाले ते उपकरण विभागात. तेथे एस. पी. वेंकटेश्वरन हे प्रमुख होते. हवामानाची बरीचशी उपकरणे तोपर्यंत परदेशातून येत असत. ती आता आपल्या देशात बनवायची, असे ठरले.

आता थोडे थांबा आणि शहापूरच्या बाजाराचा विचार करा. दुकानदाराच्या तराजूवर आणि वजनांवर सरकारी शिक्का असतो. वजनमापे निरीक्षक ती वजने आपल्याजवळच्या खऱ्या वजनांशी ताडून पाहतो आणि मगच शिक्का मारतो. शिक्का नसलेले वजन किलोचे म्हणून दिले, तरी ते किलोच आहे याची खात्री काय? उपकरणांचेही तसेच आहे. पुण्याच्या थर्मामीटरवर ३५ आणि नागपूरच्या थर्मामीटरवर ३७ दिसले, तर नागपूरला ऊन्हाळा जास्त, की नागपूरचा थर्मामीटरच चुकीचा? दोन्ही उपकरणे एकाच खऱ्या उपकरणाशी ताडून पाहिलेली असतील, तरच या आकड्यांना अर्थ. या ताडून पाहण्याला प्रमाणीकरण म्हणतात.

अन्ना मणींचे सगळे आयुष्य या एका शब्दात मावते. मोजमाप चुकीचे असेल, तर त्यापेक्षा न मोजलेले बरे, असे त्यांचे पक्के मत होते. त्यांनी पुण्यात सुमारे १०० निरनिराळ्या उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले, म्हणजे देशातील कोणत्याही कारखान्यात ते उपकरण बनले तरी त्याचे माप एकच राहील. १९५३ साली त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. मुलींनो, हा आकडा लक्षात ठेवा. साल १९५३ होते, आणि कार्यशाळेतील लेथ यंत्रांवरचे कारागीर, जोडारी, साहाय्यक हे सगळे एका बाईकडून काम तपासून घेत होते. त्यांची शिस्त कडक होती, असे सांगतात.

जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ या अठरा महिन्यांत जगातील अनेक देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष साजरे केले. सगळ्यांनी आपापल्या देशात पृथ्वीची, समुद्राची, हवेची, सूर्यप्रकाशाची मोजणी करायची आणि ती माहिती एकमेकांना द्यायची, असे ठरले होते. भारतात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे करण्याचे काम अन्ना मणींनी केले. सुरुवातीला युरोपातून महागडी उपकरणे आणावी लागली. पण लवकरच त्यांनी तीही पुण्यात बनवायला घेतली.

उन्हाचे मोजमाप होते तरी कसे? त्यातले सर्वांत सोपे उपकरण म्हणजे काचेचा भरीव गोळा. भिंगाने कागद जाळण्याचा खेळ तुम्ही केला असेलच. तसेच हे. सूर्य सरकतो तशी गोळ्यामागच्या कागदी पट्टीवर जळकी रेघ उमटत जाते. ढग आला, की रेघ तुटते. संध्याकाळी रेघ मोजली, की किती तास ऊन होते ते कळते. पण किती तास हे कळले, किती जोराचे हे कळले नाही.

जोर मोजण्याची युक्ती स्वीडनच्या क्नुट अँगस्ट्रॉम यांनी १८९३ साली काढली. ती मला फार आवडते, म्हणून सावकाश सांगतो. धातूच्या दोन पातळ पट्ट्या घ्यायच्या, दोन्ही काळ्या केलेल्या, अगदी जुळ्या बहिणींसारख्या. काळा रंग ऊन पिऊन टाकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात काळे कपडे घालून पाहा. एका पट्टीवर ऊन पडू द्यायचे. दुसरी सावलीत ठेवायची आणि तिच्यातून वीज सोडून ती तापवायची. दोन्ही पट्ट्या सारख्याच तापल्या, की थांबायचे. आता सावलीतल्या पट्टीला किती वीज लागली ते पाहायचे. जेवढी वीज लागली, तेवढेच ऊन पहिल्या पट्टीवर पडले! वीज तर आपल्याला अचूक मोजता येते. म्हणजे ऊन विजेच्या तराजूत तोलले गेले.

या तराजूत तोलले तर काय दिसते? निरभ्र दिवशी, भर दुपारी, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद सतरंजीच्या तुकड्यावर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. म्हणजे १०० वॅटचे दहा दिवे एकदम लावावेत तेवढी. ऊन तिरपे झाले, की ती कमी होते. ढग आले, की आणखी कमी होते. आणि आपल्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी जुलै-ऑगस्टमध्ये काय होते, ते माळशेज घाटाखाली राहणाऱ्या मुरबाडच्या मुलांना निराळे सांगायला नको. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही.

उन्हासोबतच अन्ना मणींनी आणखी काही कामे हाती घेतली. आकाशात उंचावर ओझोन नावाच्या वायूचा थर आहे. सूर्यकिरणांतील अपायकारक भाग तो अडवतो. १९६०नंतर त्यांनी ओझोन मोजण्याचे काम सुरू केले आणि फुग्याला बांधून आकाशात सोडता येईल असे उपकरण खात्यात तयार करून घेतले. ओझोनविषयी जगाला काळजी वाटू लागली ती बऱ्याच वर्षांनी. १९६३ साली केरळात थुंबा येथे भारताचे अग्निबाण प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. तेथील हवामान वेधशाळा, म्हणजे रसदगाह, विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून त्यांनीच उभी केली. १९६९ साली त्या खात्याच्या उपमहासंचालक होऊन दिल्लीला गेल्या आणि १९७६ साली निवृत्त झाल्या.

निवृत्त झाल्यावर आरामखुर्ची धरली असेल, असे वाटते ना? तसे झाले नाही. १९७३ साली खनिज तेलाचे भाव एकदम भडकले होते आणि उन्हातून, वाऱ्यातून वीज मिळवता येईल का, असा विचार सगळीकडे सुरू झाला होता. पण ऊन कोठे किती आणि कोणत्या महिन्यात किती, हे ठाऊक नसेल तर कारागीर तरी काय करणार? पुण्यात जमलेले वर्षांनुवर्षांचे आकडे अशा वेळी कामी आले. १९८०च्या सुमारास अन्ना मणींनी भारतातील सौर प्रारणाची आकडेवारी देणारी दोन मोठी पुस्तके प्रसिद्ध केली. त्यांनी ७००हून अधिक ठिकाणी वाऱ्याची मोजणी करण्याचे कामही उभे केले. बंगळूरला त्यांनी ऊन आणि वारा मोजणाऱ्या उपकरणांचा एक लहानसा कारखाना काढला.

आकड्यांचे पुस्तक म्हणजे कंटाळवाणे, असे तुम्हाला वाटेल. म्हणून एक उदाहरण देतो. समजा, एखाद्या वाडीतील विहिरीवर उन्हावर चालणारा पंप बसवायचा आहे. काचेच्या तावदानासारखे दिसणारे सौर पत्रे किती लावायचे? ऊन आहे त्यापेक्षा जास्त धरले, तर पत्रे कमी पडतील आणि पाणी चढणार नाही. ऊन कमी धरले, तर नको तेवढे पैसे खर्च होतील. किंवा भातसा आणि तानसा ही आपल्या शहापूर तालुक्यातील धरणे पाहा. त्यांचे पाणी मुंबईला जाते. पण त्यातले काही पाणी उन्हाने वाफ होऊन उडून जाते. किती उडेल, याचा अंदाज बांधायला उन्हाचा आकडा लागतो.

आता तुम्ही विचाराल, की शहापूरला ऊन किती, मुरबाडला किती, हे कोण मोजते? प्रत्येक गावात मोजणी केंद्र बसवणे कोणत्याही देशाला परवडत नाही. येथे मदतीला येतात उपग्रह. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर भारताचे इन्सॅट मालिकेतील उपग्रह आहेत. पृथ्वी फिरते त्याच गतीने तेही फिरतात, म्हणून ते आपल्या माथ्यावर एकाच जागी उभे असल्यासारखे राहतात आणि सतत आपल्याकडे पाहतात. ढग पांढरा असतो, तो ऊन परत आकाशात फेकतो. किती प्रकाश परत आला, हे उपग्रहाला दिसते. परत गेलेला प्रकाश आणि हवेने, धुळीने, वाफेने मध्येच गिळलेला प्रकाश वजा केला, की खाली किती पोचला याचा हिशेब मिळतो. माळशेजला ढग अडकून बसले आहेत आणि कल्याणकडे ऊन आहे, हे उपग्रह एका नजरेत पाहतो.

पण नीट ऐका, उपग्रह जमिनीवरचे ऊन थेट मोजत नाही. तो वरून पाहून हिशेब करतो. हिशेब बरोबर की चूक, हे कसे ठरवायचे? जमिनीवर एखादे पारखलेले उपकरण असेल, त्याच्याशी उपग्रहाचा आकडा ताडून पाहायचा. म्हणजे पुन्हा तोच बाजारातील शिक्का! जमिनीवरील केंद्राचे आकडे खोटे असतील, तर कोट्यवधी रुपयांच्या उपग्रहाचा हिशेबही खोटा ठरेल. अन्ना मणींनी उपग्रह पाठवले नाहीत. पण उपग्रहाला ज्यांच्याशी ताडायचे, त्या जमिनीवरच्या मोजणीची घडी आपल्या देशात त्यांनी बसवली.

ढगांच्याही वर, जेथे हवाच नाही, तेथे सूर्याकडून किती ऊर्जा येते, हा प्रश्न निराळा आणि फार जुना आहे. फ्रान्सच्या क्लोद पुइये यांनी १८३७-३८च्या सुमारास जमिनीवरून मोजून हिशेब केला, तर एका चौरस मीटरला सुमारे १२२८ वॅट असे उत्तर आले. साधी उपकरणे घेऊन केलेला हा हिशेब किती जवळचा होता, ते आता दिसेलच. नोव्हेंबर १९७८पासून अमेरिकेच्या निंबस-७ या उपग्रहाने हवेच्या वर जाऊन मोजायला सुरुवात केली. त्याचे उत्तर आले सुमारे १३७२. १९८० साली दुसरा उपग्रह गेला. त्याचे उत्तर सुमारे १३६७. २००३ साली सोर्स नावाचा उपग्रह गेला, तर उत्तर आले सुमारे १३६१!

सूर्य काही दरवर्षी मंद होत चालला नव्हता. एकाच वेळी मोजणाऱ्या उपग्रहांचेही आकडे एकमेकांशी जुळत नसत. मग चूक कोणाची? गंमत पाहा, या उपग्रहांतील उपकरणांची युक्ती मुळात अँगस्ट्रॉम यांचीच होती. आतून काळा केलेला एक पोकळ शंकू. त्याच्या तोंडावरचे झाकण उघडले, की ऊन आत जाऊन त्याला तापवते. झाकण लावले, की विजेने तेवढाच तापवायचा आणि वीज मोजायची. दोष निघाला तो दाराच्या जागेत. जुन्या उपकरणांत पुढचे छिद्र मोठे होते आणि अचूक मापाचे लहान छिद्र आत खोलवर होते. त्यामुळे नको असलेला प्रकाश कडांवरून उसळून आत शिरत होता आणि आकडा फुगत होता. सोर्सच्या उपकरणात अचूक छिद्रच सर्वांत पुढे ठेवले होते. ही गोष्ट जमिनीवरच्या प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा तपासून पक्की झाली, आणि २०११ साली १३६१ हा आकडा सर्वांसमोर मांडला गेला.

१३७२ आणि १३६१, फरक फक्त ११ वॅटचा. एवढ्यासाठी इतका आटापिटा कशाला, असे वाटेल. पण सूर्याचे तेज सुमारे ११ वर्षांच्या चक्रात थोडे कमीजास्त होते, ते जेमतेम एक वॅटने. एका ग्रॅमचा फरक शोधायचा आणि तराजू अकरा ग्रॅमने चुकणारा, अशी ही अवस्था होती. पृथ्वी तापत चालली आहे, ती सूर्य जास्त तापल्यामुळे, की माणसाने जाळलेल्या कोळशा-तेलाच्या धुरातील वायूंमुळे, या भांडणाचा निकाल याच आकड्यांवर अवलंबून होता. १९७८पासूनच्या उपग्रहांच्या नोंदी एकमेकींशी ताडून जोडल्यावर दिसले, की या सगळ्या वर्षांत सूर्याचे तेज वाढलेले नाही. पृथ्वी मात्र तापली आहे. मापे पारखलेली नसती, तर हे छातीठोकपणे सांगता आले नसते.

ही पारख आजही थांबलेली नाही. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होस या डोंगरातल्या गावी जागतिक प्रारण केंद्र आहे. दर पाच वर्षांनी देशोदेशीचे तज्ज्ञ आपापली उपकरणे घेऊन तेथे जातात, सगळी एकाच सूर्याकडे वळवतात आणि आकडे जुळवून पाहतात. २ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने आदित्य-एल१ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी पाठवले. त्यावरील सूर्याच्या अतिनील किरणांचे फोटो घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली.

सोर्सचा आकडा येण्याआधीच अन्ना मणी गेल्या होत्या. त्यांनी लग्न केले नव्हते. डोंगर चढण्याची, रानात हिंडण्याची आणि पक्षी पाहण्याची त्यांना आवड होती. १९८७ साली भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना के. आर. रामनाथन पदक दिले. १९९४ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हिंडण्याफिरण्याची हौस असलेल्या त्या बाईंना शेवटची वर्षे जागेवरच काढावी लागली. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुअनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. आणखी एका आठवड्याने त्यांना ८३ वर्षे पूर्ण झाली असती.

मद्रास विद्यापीठाने पदवी नाकारलेला त्यांचा तो हिऱ्यांवरचा प्रबंध बंगळूरला रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात, पदवी मिळालेल्या इतर प्रबंधांच्या सोबत, ठेवलेला आहे.